नर्सबाईंचं नाव काय होतं?



मागच्या उन्हाळ्यात आमच्या गावात आरोग्य शिबिर झालं. बाहेरून डॉक्टर आले होते. माणसं चांगली होती, हसून बोलली, फुकट तपासलं, फुकट गोळ्या दिल्या. दोन दिवसांनी गाड्या निघून गेल्या. पंधरा दिवसांनी बीपीच्या गोळ्या संपल्या तेव्हा गटातल्या एक आक्का चिठ्ठी घेऊन आमच्याकडे आल्या. चिठ्ठीवरचं अक्षर आम्हाला लागेना. दिलेल्या नंबरावर फोन लावला, तो कुणी उचलला नाही. शेवटी आशाताई त्यांना घेऊन आरोग्य केंद्रात गेल्या.

त्या दिवसाच्या बैठकीत हप्ते बाजूला राहिले आणि बोलणं यावरच आलं, की परक्या मुलखात सेवेला जाणारा माणूस मागे काय ठेवून जातो? कुणीतरी म्हणालं, आपल्या सोलापूरचे कोटणीस गेले होते ना चीनला. नाव सगळ्यांना माहीत होतं. शांतारामबापूंचा 1946 चा सिनेमा सासूबाईंच्या पिढीला आठवतो. पण त्यांच्या बायकोचं, त्या नर्सबाईंचं नाव काय? बैठकीतल्या एकीलाही सांगता आलं नाही, आणि खरं सांगतो, आम्हालाही नाही. म्हणून वाचनालयातून पुस्तकं आणली, वाचलं, आणि आज तुम्हाला सांगतोय.

1937 साली जपानने चीनवर मोठं आक्रमण केलं. चीनचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर मागितले. आपण स्वतःच तेव्हा इंग्रजांच्या राज्यात होतो. तरी 1938 साली काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषबाबूंनी लोकांना हाक दिली, 'चीन दिन' पाळला गेला आणि वर्गणीतून बावीस हजार रुपये जमले. गट चालवणाऱ्या बाईला असा पैसा कसा जमतो ते वेगळं सांगायला नको. सप्टेंबरमध्ये पाच डॉक्टर मुंबईहून बोटीने निघाले. अलाहाबादचे अटल प्रमुख, नागपूरचे चोळकर वयाने सगळ्यांत मोठे, बंगालचे बसू आणि मुखर्जी, आणि आपले द्वारकानाथ कोटणीस. कोटणीस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही पुरते नव्हते.

आता त्या नर्सबाई. त्यांचं नाव गुओ छिंगलान. चिनी लोकांत आडनाव आधी लावतात, म्हणजे गुओ हे आडनाव. जन्म 1916 चा. त्या पेकिंगच्या मोठ्या इस्पितळात नर्स होत्या. पेकिंगवर जपान्यांचा ताबा होता. तिथून त्या डोंगरातल्या लढाईच्या भागात गेल्या कशा? त्यामागे आणखी एक बाई आहे.

तिचं नाव कॅथलीन हॉल. न्यूझीलंडची ख्रिस्ती मिशनची नर्स. 1923 साली ती चीनला आली, भाषा शिकली, आणि पुढे उत्तरेकडच्या डोंगराळ भागात सोंगजियाझुआंग नावाच्या खेड्यात तिने लहानसा दवाखाना चालवला. जवळच नॉर्मन बेथ्यून नावाचे कॅनडाचे डॉक्टर जखमी सैनिकांवर उपचार करत होते. त्यांच्याकडे औषधं नव्हती. हॉलबाई परदेशी असल्यामुळे तिला पेकिंगला ये-जा करता येत होती. मग ती तिथे जाऊन औषधं, मलमपट्टीचं सामान विकत घ्यायची आणि जपानी पहाऱ्यातून डोंगरात पोचवायची. सामानाबरोबर तिने माणसंही पोचवली. गुओ छिंगलान त्यांतल्याच. 1939 साली जपान्यांनी हॉलबाईचा दवाखाना जाळला आणि तिला तिथून जावं लागलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बेथ्यूनही गेले. ऑपरेशन करताना बोटाला कापलं आणि रक्तात विष भिनलं. वेळेला औषध मिळालं नाही तर एवढीशी जखमही पुरते, हे आपल्याला शेतात विळा लागलेल्या हातांवरून ठाऊक आहेच.

कोटणीस त्या डोंगरात पोचले 1940 साली. तोवर बाकीच्यांतले काही जण परतीला लागले होते. पुढे पाचांपैकी चार भारतात परत आले. त्यात त्यांचा दोष नाही, चोळकर तर साठीला टेकलेले होते. कोटणीसांना तिकडेच वडील गेल्याची बातमी कळली होती, तरी ते थांबले. एका लढाईत त्यांनी बहात्तर तास न झोपता ऑपरेशनं केली असं सांगतात. सिनेमाला ते बरं दिसतं. आम्हाला मात्र दुसरी गोष्ट मोठी वाटली. ते चिनी बोलायला शिकले, लिहायला शिकले, आणि तिथल्या पोरापोरींना चिनीतूनच डॉक्टरकी शिकवू लागले. त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेचं पुस्तक लिहायला घेतलं. 1941 साली बेथ्यून यांच्या नावाचं इस्पितळ त्यांच्याकडे सोपवलं गेलं.

त्याच ठिकाणी गुओ छिंगलान नर्सिंग शिकवत होत्या. दोघांची पहिली भेट बेथ्यून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात झाली. 1941 साली लग्न झालं. ऑगस्ट 1942 मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं यिनहुआ. चिनी भाषेत यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

कोटणीसांना फेफऱ्याचे झटके येत होते. 9 डिसेंबर 1942 ला ते गेले. वय बत्तीस. बाळ साडेतीन महिन्यांचं.

सिनेमा साधारण इथे संपतो. गुओ छिंगलान यांचं आयुष्य इथे संपलं नाही. तेव्हा त्या सव्वीस वर्षांच्या होत्या. लढाई चालू, पदरात तान्हं मूल, आणि नवऱ्याचं घर समुद्रापार. त्यांनी मूल वाढवलं. पुढे दुसरं लग्न केलं. आपल्याकडे यावर कुजबुज झाली असती, म्हणून मुद्दाम सांगतो. यिनहुआ डॉक्टरकी शिकत होता. शिक्षण पुरं व्हायच्या आतच 1967 साली, पंचविशीच्या आतबाहेर, तोही गेला. तरी बाईंनी सोलापूरच्या माणसांशी नातं तोडलं नाही. त्या अनेकदा भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या. 2012 साली, वयाच्या शहाण्णवव्या वर्षी त्या वारल्या.

नवऱ्याबरोबर राहिल्या जेमतेम एक वर्ष. सासर सांभाळलं सत्तर वर्षं.

कोटणीसांचं सोलापूरचं घर आता स्मारक आहे. दवाखान्याच्या, कोर्टाच्या, बँकेच्या कामाने शहरात जाणं होतंच. गाडीला वेळ असेल तर आत जा. डॉक्टरांचा फोटो लगेच दिसेल. तिथे जो कोणी असेल त्याला विचारा, गुओ छिंगलानबाईंचा फोटो कुठला?