न पुसला जाणारा ‘झेरॉक्स’ : विंडोजमधील संरक्षित फोल्डरांची कथा

#थ्रेड

१/१२
मे १७३९. चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठी फौजेने वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला. विजयाची खूण म्हणून तेथील चर्चच्या घंटा उतरवून महाराष्ट्रातील देवळांत नेण्यात आल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील १७२१ साल कोरलेली घंटा त्यांपैकीच मानली जाते. आज किल्ल्याला लागून पाचूबंदरची मच्छीमार वस्ती आहे आणि किल्ला संरक्षित स्मारकांच्या यादीत आहे. आतली चर्च ओस पडली आहेत, पण त्यांचा चिरा हलवायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. वास्तू वापरात आहे की नाही, हे तेथे पाहिले जात नाही. ती यादीत आहे, एवढे पुरते.

२/१२
संगणकाच्या इतिहासातही ‘जिंकेल त्याने उचलावे’ हा काळ संपून ‘यादीत आहे त्याला हात लावू नये’ हा काळ सुरू झाला. विंडोजपुरते बोलायचे तर हा बदल २००० साली झाला. त्यातून एक प्रश्न उभा राहिला : पैसे मोजून घरी आणलेल्या संगणकातील नको असलेला फोल्डर काढण्याचा अधिकार नेमका कोणाचा?

३/१२
आधी जुनी व्यवस्था पाहू. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये अनेक प्रोग्राम मिळून वापरत अशा सामाईक फाइल्स, म्हणजे डीएलएल, एकाच सिस्टीम फोल्डरमध्ये असत. नवा प्रोग्राम बसवताना तो स्वतःची आवृत्ती जुन्या फाइलवर खुशाल लिहून टाकी. त्यामुळे एखादा खेळ बसवावा आणि दुसऱ्याच दिवशी मुद्रणाचा प्रोग्राम बंद पडावा, असे होई. या गोंधळाला जगभर ‘डीएलएल हेल’ हे नाव पडले. वापरकर्त्यालाही कोणतीच आडकाठी नव्हती. विंडोजचा गाभा असलेल्या फाइल्स तो सहज पुसू शके, आणि त्यानंतर संगणक सुरूच होत नसे.

४/१२
यावर उपाय म्हणून फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० मध्ये ‘विंडोज फाइल प्रोटेक्शन’ ही यंत्रणा आली. तिच्याजवळ संरक्षित फाइल्सची एक यादी असे. त्या फाइल्स ज्या फोल्डरांत असत, त्यांवर ती सतत नजर ठेवी. एखादी फाइल बदलली की तिची डिजिटल स्वाक्षरी तपासली जाई आणि ती जुळली नाही, तर ‘डीएलएलकॅश’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरातून मूळ प्रत परत आणली जाई. तेथेही प्रत नसेल, तर विंडोजची सीडी मागितली जाई.

५/१२
ऑक्टोबर २००१ मध्ये विंडोज एक्सपी आले आणि हीच यंत्रणा घराघरांत पोहोचली. महाराष्ट्रात एमकेसीएलची स्थापनाही त्याच वर्षीची. तिच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमातून पुढे असंख्य मराठी तरुणांची संगणकाशी पहिली ओळख झाली. सी ड्राइव्हवरील ‘प्रोग्राम फाइल्स’ उघडल्यावर त्यांतील अनेकांना ‘झेरॉक्स’ नावाचा फोल्डर दिसे. मराठीत झेरॉक्स म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात निघणारी प्रत. घरातल्या संगणकात तिचे काय काम? आत पाहावे तर आणखी एक फोल्डर आणि तोही रिकामा. पुसायला जावे, तर कधी नकार मिळे आणि कधी पुसलेला फोल्डर पुन्हा हजर होई.

६/१२
अनेकांना हा व्हायरस वाटला. खरे कारण साधे होते. स्कॅनरसारख्या यंत्रांशी संबंधित काही फाइल्स संरक्षित यादीत होत्या आणि त्यांची ठरलेली जागा हा फोल्डर होता. बहुतेक संगणकांवर त्या फाइल्स कधीच आल्या नाहीत. पण ज्या जागेवर नजर ठेवायची, ती जागा तरी अस्तित्वात हवी! म्हणून रिकाम्या खोलीवर पहारा बसला. नेटमीटिंग, मूव्ही मेकर, एमएसएन गेमिंग झोन यांचे फोल्डरही असेच चिवट होते.

७/१२
झेरॉक्सच्या फोल्डराने जागा जवळजवळ अडवलीच नव्हती. ‘सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ची गोष्ट निराळी होती. संगणक पूर्वस्थितीत नेण्यासाठी लागणाऱ्या नोंदी तेथे साठत आणि मूळ मांडणीनुसार त्यांना ड्राइव्हचा १२ टक्के भाग घेता येई. ४० जीबीच्या डिस्कवर हे जवळपास ५ जीबी झाले. एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर हा फोल्डर ॲडमिनिस्ट्रेटरलाही उघडता येत नसे. त्यावरची अधिकृत वाट म्हणजे ‘सिस्टीम रिस्टोर’ बंद करणे. मग नोंदी आपोआप जात, पण त्यांच्याबरोबर मागे फिरण्याची सोयही जाई.

८/१२
बाकीच्या फोल्डरांसाठी लोकांनी आडवाटा शोधल्या. कोणी लिनक्सच्या सीडीवरून संगणक सुरू करून विंडोज झोपलेले असतानाच फोल्डर पुसत. कोणी पहाऱ्याची यंत्रणा चालवणारी फाइलच बदलून पहारा बंद पाडत. त्याची किंमत अशी की पुढे एखाद्या घातक प्रोग्रामने गाभ्यातली फाइल बदलली, तरी कोणी हटकणारे नसे. सर्वांत सौम्य युक्ती ‘सिसओसी.आयएनएफ’ या फाइलमध्ये होती. तिच्यातील काही घटकांपुढचा ‘हाइड’ हा शब्द खोडला की ते घटक काढण्याच्या अधिकृत यादीत दिसू लागत. म्हणजे दार होतेच, फक्त त्यावर पडदा टाकलेला होता.

९/१२
हा पडदा न्यायालयातही गाजला. अमेरिकी सरकारने १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला. इंटरनेट एक्सप्लोरर विंडोजपासून वेगळा काढता येऊ नये अशी रचना का केली, हा त्यातील एक कळीचा मुद्दा होता. जून २००१ मध्ये अपील न्यायालयाने कंपनीच्या विभाजनाचा आदेश रद्द केला; पण ब्राउझरला काढण्याच्या यादीतून वगळणे आणि त्याचा कोड विंडोजच्या कोडमध्ये मिसळणे स्पर्धेला मारक असल्याचा निष्कर्ष कायम ठेवला. त्यानंतर एक्सपीमध्ये ‘काढण्याची’ सोय आली. तिने चिन्हे नाहीशी होत. फाइल्स जागच्या जागी राहत.

१०/१२
मराठीशीही या पहाऱ्याचा संबंध आला. देवनागरीचा आधार विंडोजमध्ये प्रथम विंडोज २००० सोबत आला. ‘मंगल’ हा तिचा फॉन्ट सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला. जोडाक्षरे जुळवण्याचे काम ‘यूएसपी१०.डीएलएल’ ही फाइल करी. ऑफिस २००३ सोबत तिची नवी आवृत्ती येई, पण ती ऑफिसपुरतीच चाले. भारतीय लिप्यांत लिहिणाऱ्या जाणकारांनी ती सर्व विंडोजला लागू व्हावी म्हणून मुख्य फोल्डरात ठेवली, की पहारेकरी जुनी प्रत परत आणून ठेवी. गाभा सांभाळणारी यंत्रणा येथे सुधारणाही अडवत होती, कारण यादीला हेतू कळत नाही.

११/१२
जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा सर्वांसाठी आले आणि पद्धत पालटली. फाइल बदलल्यावर परत आणण्यापेक्षा मुळात बदलूच न देण्याचे धोरण स्वीकारले गेले. संरक्षित फाइल्सची मालकी ‘ट्रस्टेड इन्स्टॉलर’ या अंतर्गत सेवेकडे गेली आणि ॲडमिनिस्ट्रेटरही तिच्यापुढे दुय्यम ठरला. मात्र मालकी स्वतःकडे घेण्याची ‘टेकओन’ आणि परवानग्या बदलण्याची ‘आयकॅक्ल्स’ या आज्ञाही व्हिस्टातच होत्या. कुलूप बसले, किल्लीही घरातच राहिली. ती कोठे आहे हे ठाऊक असणाऱ्यालाच मालकी मिळे.

१२/१२
८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीचा आधार संपला. तो संगणक अजून कोणाच्या माळ्यावर असेल, तर झेरॉक्सचा फोल्डरही त्यात असेल. त्याला पुसू पाहणारे बहुतेक जण जागेसाठी झगडत नव्हते. आपल्या वस्तूवर आपला शब्द चालावा, एवढीच त्यांची मागणी होती. पहारा बसवणाऱ्यांची भीतीही खोटी नव्हती, कारण विंडोज ९८ चे हाल त्यांनी पाहिले होते. संरक्षण हवेच, पण यादी कोणी केली, तिच्यात काय आहे आणि ती बदलायची कशी, हे ज्याच्या घरात पहारा बसतो त्याला सांगितले गेले पाहिजे. एक्सपीच्या काळात ते सांगितले गेले नाही, आणि म्हणून एक रिकामा फोल्डर एवढा गाजला.

(समाप्त)