जुनं यंत्र कामाचं का राहतं? बीबीसी मायक्रोची गोष्ट

आज आपण एका घरगुती संगणकाबद्दल बोलणार आहोत. वय चाळीसच्या पुढे. बटण दाबलं की आधी एक जाड आणि मग एक बारीक असा दोन स्वरांचा आवाज येतो, पडद्यावर 'बीबीसी कॉम्प्युटर 32के' ही ओळ उमटते आणि तिच्याखाली बाणाच्या टोकासारखं एक चिन्ह दिसतं. झालं, यंत्र कामाला तयार. या सगळ्याला एक-दोन सेकंद लागतात.

त्या काळातले कितीतरी संगणक आज काचेच्या कपाटात शोभेला आहेत. हा मात्र अजून कामाला जुंपला जातो. इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्कला नॅशनल म्युझियम ऑफ कम्प्युटिंग आहे. तिथल्या एका वर्गखोलीत बीबीसी मायक्रोंची रांग मांडलेली आहे आणि सहलीला आलेली शाळेची मुलं त्यांच्यावर प्रोग्रॅम लिहितात. हे कसं शक्य झालं? यंत्र मजबूत होतं म्हणून, असं उत्तर पटकन सुचतं. ते अर्धंच खरं आहे. आमच्या मते खरं कारण वेगळं आहे: या यंत्राबरोबर त्याचं ज्ञानही लोकांच्या हाती दिलं गेलं.

थोडं मागे जाऊ. 1980च्या सुमारास बीबीसीने ठरवलं, की सामान्य माणसाला संगणकाची ओळख करून द्यायची. टीव्हीवर मालिका तर हवीच, पण बघणाऱ्याला घरी करून बघता यावं म्हणून एक यंत्रही हवं. केंब्रिजच्या एकॉर्न या छोट्या कंपनीला ते काम मिळालं. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर ही त्यातली दोन मुख्य नावं. यंत्र 1981च्या डिसेंबरात आलं आणि जानेवारी 1982मध्ये मालिका सुरू झाली. सुरुवातीचा अंदाज बारा हजार यंत्रांचा होता. शेवटी विकली गेली पंधरा लाखांच्या आसपास.

स्वस्त मात्र नव्हतं हं! मॉडेल बी लवकरच 399 पौंडांवर गेलं. त्याच वर्षी आलेला सिंक्लेअरचा 48के स्पेक्ट्रम 175 पौंडांना मिळत होता. मग जास्तीच्या पैशांत काय मिळायचं? यंत्राच्या मागच्या बाजूला आणि पोटाखाली बघा, नुसती भोकंच भोकं! प्रिंटरला एक, डिस्कला एक, तापमान किंवा प्रकाश मोजणारी साधनं जोडायला एक, स्वतः बनवलेलं काहीही जोडायला एक. सोबत जाडजूड पुस्तिका. कुठल्या पत्त्यावर काय आहे, कुठला आकडा लिहिला की काय होतं, हे त्यात सांगितलेलं. म्हणजे शाळेतला मास्तर स्वतः एखादं सर्किट जोडून प्रयोगशाळेत वापरू शकत होता.

या भोकांपैकी एकाचं नाव 'ट्यूब'. त्यात दुसरा प्रोसेसर जोडायची सोय होती. मूळ यंत्राने कळफलक आणि पडदा सांभाळायचा, जड हिशेब पाहुण्याने करायचे. पुढे एकॉर्नने स्वतःचा नवा प्रोसेसर बनवला. 26 एप्रिल 1985 रोजी तो पहिल्यांदा चालला, आणि तोही बीबीसी मायक्रोच्या याच ट्यूबला जोडून. त्याचं नाव एआरएम. तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये बहुधा त्याचाच वंशज आहे.

आता गंमत बघा. 2012मध्ये त्याच केंब्रिजमधून रास्पबेरी पाय आला. मॉडेल ए, मॉडेल बी ही त्याची नावंसुद्धा बीबीसी मायक्रोला केलेला नमस्कारच. हौशी मंडळींनी हा पाय जुन्या यंत्राच्या ट्यूबला जोडला. आत एआरएमच आहे. म्हणजे पणतू आजोबांच्या घरी येऊन मदत करतोय! हे जमलं, कारण त्या भोकात कुठल्या तारेवरून कधी काय जातं, हे लिहून ठेवलेलं होतं.

दुरुस्तीचंही तसंच. असं यंत्र पुष्कळ वर्षांनी चालू केलं, की काही मिनिटांत मागून धूर येतो आणि खोलीभर घाण वास पसरतो. नवखा माणूस म्हणतो, गेलं! खरं तर बहुतेकदा पॉवर सप्लायमधला कागदी थराचा एक कॅपॅसिटर फुटलेला असतो. वर्षानुवर्षं त्याच्या आवरणाला चिरा पडतात, दमट हवा आत शिरते. जुना काढून नवा सोल्डर केला की झालं. पुष्कळशा चिप सॉकेटमध्ये बसवलेल्या, त्यामुळे त्या काढता-घालता येतात. फ्लॉपी मिळत नाहीत, तर त्यांच्या जागी मेमरी कार्ड वापरता येतं. म्हणून आम्ही सांगतो, की जुनं यंत्र टिकवणं म्हणजे त्याला पुसून ठेवणं नव्हे. त्याचा नकाशा टिकवला पाहिजे.

याची उलटी बाजूही बघू. 1086मध्ये विल्यम राजाने इंग्लंडच्या जमिनीची मोजदाद करून घेतली. ते डोम्सडे बुक. त्याला 900 वर्षं झाली म्हणून 1986मध्ये बीबीसीने नवं डोम्सडे काढलं. दहा लाखांहून जास्त लोकांनी, त्यात शाळकरी मुलंच मुलं, आपापल्या गावाची माहिती आणि फोटो दिले. हे सगळं लेझर डिस्कवर गेलं. ती वाचायला बीबीसी मायक्रोचा मोठा भाऊ, म्हणजे बीबीसी मास्टर, आणि शिवाय फिलिप्सचा एक खास प्लेअर लागायचा. प्लेअर महाग होता आणि थोडेच विकले गेले. पंधरा वर्षांत अशी वेळ आली, की 900 वर्षांपूर्वीचं चामड्यावरचं पुस्तक वाचता येतंय आणि परवाची डिस्क वाचणं अवघड! 2002च्या सुमारास लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या संशोधकांनी त्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर लिहून वाट काढली, आणि 2011मध्ये लोकांनी दिलेली माहिती इंटरनेटवर आली. संगणकाची बाजू सावरता आली, कारण तो लाखोंच्या हातात होता. घोडं अडलं ते खास प्लेअरपाशी.

आता आपल्याकडे येऊ. 1984-85मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' प्रकल्प सुरू केला. सुरुवातीला सुमारे 250 शाळा होत्या आणि त्यात आलं होतं हेच यंत्र, बीबीसी मायक्रो. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये त्याची भारतीय आवृत्तीही निघाली. म्हणजे हा इतिहास परका नाही. पण विचार करा. इंग्लंडमध्ये या यंत्रामागे टीव्ही मालिका होती, मासिकं होती, गल्लीतला दुरुस्तीवाला होता आणि पुस्तिका मुलांच्या स्वतःच्या भाषेत होती. इथे पेटी आली, पण हा सगळा गोतावळा पेटीत मावत नव्हता.

आणि तरीसुद्धा या यंत्रात मराठीला जागा होती. बीबीसी बेसिकमध्ये एक आज्ञा आहे. तिच्यापुढे आठ आकडे द्यायचे, की तुमचं स्वतःचं अक्षर तयार होतं. प्रत्येक अक्षर आठ बाय आठ ठिपक्यांचं. प्रत्येक आकडा म्हणजे एक ओळ. ओळीतले आठही ठिपके पेटवायचे तर आकडा 255. म्हणजे आपली शिरोरेषा म्हणजे 255! ती पहिल्या ओळीत नको, तिसऱ्या ओळीत द्या, म्हणजे वरच्या मात्रेला दोन ओळी उरतात. खालच्या पाच ओळींत 'ट' बसवून बघा, सोपा जातो. 'क्ष'ला घाम फुटतो. चौथीतल्या मुलाला चौकटीच्या वहीवर हे करायला दिलं, तर अक्षर म्हणजे आकडे, हे त्याला एका तासात कळेल. आजच्या मोबाइलमध्येही तेच चाललेलं असतं, फक्त ते दिसत नाही. जुन्या यंत्राचा आजचा उपयोग विचाराल, तर आमच्या लेखी हाच.

शेवटी एक विनंती. तुमच्या शाळेच्या अडगळीत किंवा घरच्या माळ्यावर असं यंत्र असेल, तर बघूया चालतंय का म्हणून लगेच प्लग लावू नका. आधी जाणकाराकडून पॉवर सप्लाय तपासून घ्या. तो स्वतः उघडू नका, आतला दाब जीवघेणा असतो. आणि भंगारवाल्याला बोलवायच्या आधी कॅसेट, फ्लॉपी, मास्तरांनी हाताने लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या वह्या बाजूला काढा. यंत्र इंग्लंडमधूनही मिळेल. ती वही दुसरीकडे कुठेच मिळणार नाही.

थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.