दार उघडले, आत जागा झाली का?

शेलूबाजार हे वाशिम जिल्ह्यातल्या मंगरूळपीर तालुक्यातले गाव. अशा एखाद्या गावातल्या सातवी-आठवीच्या वर्गात एक प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. मुलांना सांगावे, ‘डॉक्टरचे चित्र काढा.’ चित्रे गोळा झाली की ती मोजावीत. किती चित्रांत डॉक्टर बाई आहे? किती चित्रांतला डॉक्टर आपल्या गावातला वाटतो? किती जणांनी स्वतःलाच डॉक्टर म्हणून काढले? आकडे काहीही येवोत, पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. डॉक्टर कोणी व्हायचे, हे ठरवते कोण?

हुशारी आणि मेहनत, असे उत्तर आपण मुलांना देतो. ते खोटे नाही, पण पुरेसेही नाही. आपल्याकडच्या वैद्यकीय शिक्षणाचा इतिहास पाहिला तर हुशारी आणि मेहनत असूनही अनेकांना दाराबाहेर थांबावे लागले, असे दिसते.

मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले. १८५१ मध्ये तिथून पहिली तुकडी बाहेर पडली. तीत भाऊ दाजी आणि आत्माराम पांडुरंग यांच्याबरोबर पारशी आणि ख्रिस्ती तरुणही होते. धर्माच्या दृष्टीने हा वर्ग तसा मिश्र होता. मात्र शिक्षण इंग्रजीतून होते, त्यामुळे ज्याला इंग्रजी शाळा मिळाली तोच इथवर पोचणार. आणि मुलगी तर एकही नव्हती.

याची किंमत रुग्णांना मोजावी लागत होती. पुष्कळ घरांतल्या स्त्रिया पुरुष डॉक्टरपुढे जात नसत. बाळंतपणात गुंतागुंत झाली तरी घरातच जे होईल ते होई. आनंदीबाई जोशी यांचे पहिले मूल जन्मानंतर दहा दिवसांतच गेले, तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. डॉक्टर होण्याचा त्यांचा निश्चय या दुःखातून झाला.

इथे एक बारकावा आपण लक्षात घेतला पाहिजे. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १८७५ मध्येच स्त्रियांना प्रवेश दिला होता. मग आनंदीबाई अमेरिकेला का गेल्या? १८८३ च्या फेब्रुवारीत बंगालमधल्या श्रीरामपूर इथे भाषण करताना त्यांनी याचे उत्तर दिले. इथले शिक्षण अपुरे आहे, शिकवणारे जुन्या वळणाचे आहेत आणि काही अंशी त्यांना स्त्रियांचा मत्सर वाटतो, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. म्हणजे दार उघडे होते, पण आत नीट शिकता येईल अशी जागा नव्हती. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या पदवी घेऊन बाहेर पडल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाचे काम त्यांना मिळाले होते. ते हाती घेण्याआधीच, १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाच्या एकविसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आनंदीबाई जहाजावर चढल्या त्याच वर्षी, १८८३ मध्ये, ग्रँट मेडिकल कॉलेजचे दार मुलींना उघडले. ते आपोआप उघडले नाही. मुंबईतले सुधारक सोराबजी शापुरजी बंगाली आणि जॉर्ज किट्रेज नावाचे अमेरिकन व्यापारी यांनी त्यासाठी निधी उभारला. त्यांचा विचार दुहेरी होता. मुलींना वैद्यकी शिकू द्यावी आणि स्त्रियांनीच चालवलेले स्त्रियांसाठीचे रुग्णालय असावे. शिकून बाहेर पडलेल्या मुलीला काम मिळाले नाही तर प्रवेशाचा उपयोग काय, हे त्यांनी ओळखले होते. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झाले.

त्याच्या प्रमुख म्हणून इंग्लंडहून डॉ. एडिथ पीची आल्या. दार म्हणजे काय, हे त्यांना चांगले ठाऊक होते. १८६९ मध्ये एडिंबरा विद्यापीठात शिरलेल्या पहिल्या काही विद्यार्थिनींपैकी त्या एक. रसायनशास्त्राच्या परीक्षेत त्यांनी मिळवलेली शिष्यवृत्ती केवळ स्त्री म्हणून त्यांना नाकारली गेली आणि त्यांच्या मागच्या विद्यार्थ्याला देण्यात आली. १८७० च्या नोव्हेंबरात शरीररचनेच्या परीक्षेला निघालेल्या या मुलींची वाट जमावाने अडवली, त्यांच्यावर चिखल फेकला. पुढे विद्यापीठाने त्यांना पदवीही दिली नाही. मुंबईत आल्यावर पीचीबाईंनी स्त्री डॉक्टरांना पुरुषांइतके वेतन मिळावे म्हणून आग्रह धरला. रखमाबाईंना लंडनला वैद्यकी शिकायला जाता यावे यासाठी मदत करणाऱ्यांतही त्या होत्या. रखमाबाई १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि त्यांनी सुरत व राजकोट इथे दीर्घकाळ काम केले.

आता दुसरे दार, शिकवणाऱ्यांचे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या वरच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांकडे असत. १८५५ पासून या सेवेची परीक्षा भारतीयांना खुली होती, पण ती लंडनमध्ये होई. कागदावर दार उघडे, आणि मध्ये समुद्र! त्यामुळे हिंदी डॉक्टर कितीही नाणावलेला असला तरी अध्यापकाची वरची जागा त्याला क्वचितच मिळे. मुंबईत सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजसाठी देणगी देताना विश्वस्तांनी अट घातली की इथले अध्यापक सरकारी सेवेबाहेरचे, लायक असे भारतीयच असावेत. हे कॉलेज आणि त्याला जोडलेले के. ई. एम. रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झाले. डॉ. जीवराज मेहता त्याचे पहिले अधिष्ठाता. कोणाला शिकवायचे याइतकाच कोणी शिकवायचे हाही प्रश्न महत्त्वाचा आहे, हे या अटीने दाखवून दिले.

स्वातंत्र्यानंतर तिसरे दार पुढे आले, जातीचे. मद्रासमधल्या वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशांच्या खटल्यानंतर १९५१ मध्ये घटनेची पहिली दुरुस्ती झाली. पंधराव्या कलमात चौथे उपकलम आले आणि मागास वर्गांसाठी राखीव जागांना आधार मिळाला. ज्यांच्या घरात आधी कोणी शाळेत गेले नव्हते अशा घरांतली मुले डॉक्टर होऊ लागली.

पण आत काय झाले? दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत दलित आणि आदिवासी विद्यार्थ्यांना वेगळी वागणूक मिळते, अशा तक्रारी आल्या, तेव्हा २००६ मध्ये केंद्र सरकारने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात, आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले. समितीने २००७ मध्ये अहवाल दिला. वसतिगृहातल्या खोल्या, खानावळ, खेळ यांत ही मुले एकटी पडतात, अध्यापकांची मदत त्यांना पुरेशी मिळत नाही, अशा अनुभवांची त्यात नोंद होती. संस्थेने हे निष्कर्ष मान्य केले नाहीत. २०१९ मध्ये मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका आदिवासी डॉक्टर तरुणीने आत्महत्या केली आणि जातीवरून छळ झाल्याच्या आरोपाचे प्रकरण न्यायालयात गेले. आनंदीबाईंनी मद्रासबद्दल जे सांगितले होते, त्याची इथे आठवण होते.

चौथे दार अंतराचे. १९४७ मध्ये नागपूरला वैद्यकीय महाविद्यालय निघेपर्यंत वऱ्हाडातल्या मुलाला वैद्यकीय पदवीसाठी प्रांताबाहेर जावे लागे. नंतर १९८९ मध्ये यवतमाळ आणि २००२ मध्ये अकोला इथे शासकीय महाविद्यालये झाली. २०२४ मध्ये राज्यात दहा नवी शासकीय महाविद्यालये सुरू झाली, त्यांत वाशिम आहे. शेलूबाजारच्या मुलीला आता हे कॉलेज आपल्याच जिल्ह्यात दिसते.

याचा रुग्णाशी काय संबंध? आपल्या जिल्ह्यात बंजारा समाजाचे अनेक तांडे आहेत आणि तिथल्या घरांत गोरमाटी बोलली जाते. तांड्यावरची म्हातारी आपले दुखणे आपल्या शब्दांत सांगते. ते शब्द कळणारा डॉक्टर समोर असेल तर निदान निम्मे सोपे होते. १८८३ मध्ये स्त्रियांना स्त्री डॉक्टर हवी होती, त्यामागचे कारण याहून फार वेगळे नव्हते.

वाशिमची पहिली तुकडी २०३० च्या सुमारास डॉक्टर होईल. तोवर आपल्याला शाळेत करण्याजोगे काम पुष्कळ आहे. पहिल्या प्रयोगातली चित्रे जपून ठेवावीत. हा इतिहास वर्गात सांगावा, जवळच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर, परिचारिका आणि आशाताईंना बोलावून त्या इथवर कशा पोचल्या, वाटेत कोणी अडवले आणि कोणी हात दिला, ते मुलांना विचारू द्यावे. मग पुन्हा एकदा डॉक्टरचे चित्र काढायला सांगावे आणि दोन्ही गठ्ठे मुलांकडूनच मोजून घ्यावेत.