कागदावरचा पतंग

दिवाळीच्या पणतीभोवती घिरट्या घालणाऱ्या पतंगाकडे कोणी कौतुकाने पाहत नाही. पण इंग्लंडात एक गृहस्थ असे होऊन गेले की, त्यांनी या उपेक्षित जीवाचे नाव आपल्या विमानांना दिले. जेफ्री डी हॅविलंड हे त्यांचे नाव. पतंग आणि फुलपाखरे जमविण्याचा त्यांना भारी नाद. 1925 साली त्यांनी एक लहानसे, दोन माणसांचे विमान तयार केले आणि त्याला ‘मॉथ’, म्हणजे पतंग, असे नाव ठेवले. पंख घडी करून ठेवता येणाऱ्या विमानाला ते शोभलेही. पुढे या पतंगांचे कुळ वाढले : जिप्सी मॉथ, पुस मॉथ, फॉक्स मॉथ. जे. आर. डी. टाटांनी 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन मुंबईस जुहूला जे विमान उतरविले, ते याच कुळातले पुस मॉथ.

मला सांगावयाची आहे ती या कुळातल्या ‘टायगर मॉथ’ची, आणि त्यातही त्याच्या कागदांची कथा. मी इंजिनियर नव्हे. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. शाळेत मुलांना शिकवावे आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहाव्यात, हा माझा व्यवसाय. परंतु जुन्या यंत्रांचे नकाशे पाहण्याची गोडी मला फार. एखाद्या चांगल्या नकाशात जितका माणूस दिसतो, तितका पुष्कळदा चरित्रग्रंथातही दिसत नाही.

टायगर मॉथचा जन्म मोठा मौजेचा आहे. ब्रिटिश हवाई दलाला नव्या वैमानिकांना शिकविण्यासाठी विमान हवे होते. जुन्या मॉथमध्ये पुढच्या माणसाच्या अगदी डोक्यावर पेट्रोलची टाकी आणि भोवती पंख पेलणारे खांब. प्रसंग ओढवला, तर पाठीवर पॅराशूट बांधलेल्या माणसाने बाहेर पडावे कसे? आणि पुढे बसणार तो शिक्षक! तेव्हा वरचा पंख पुढे सरकवावा असे ठरले. पण पंख पुढे गेला की विमानाचा तोल बिघडणार. म्हणून पंखांची टोके मागे वळविली. तशी ती वळविताच खालच्या पंखांची टोके जमिनीकडे झुकू लागली; मग तीही थोडी वर उचलली. एक गाठ सोडवावी तो दुसरी बसावी, असा तो प्रकार. हे सारे काम एका लहानशा शेडमध्ये, नकाशा न काढता, हाताने मांडून, पाहून, पुन्हा मोडून केले, असे सांगतात. 26 ऑक्टोबर 1931 रोजी ते विमान प्रथम उडाले.

एक विमान असे नजरेच्या अंदाजाने होईल. शंभर होणार नाहीत. दुसरे विमान हुबेहूब पहिल्यासारखे हवे असेल, तर पहिल्या कारागिराच्या बोटांत जे आहे ते कागदावर उतरावे लागते. इथे ड्रॉइंग-ऑफिसाचे राज्य सुरू होते.

या कागदांवर असते तरी काय? एक साधा खिळ्याएवढा भाग घ्या. तो समोरून, वरून आणि बाजूने कसा दिसतो हे तीन आकृत्यांत दाखवायचे. लांबी, जाडी, भोकाचा व्यास, वाकणाची गोलाई लिहायची. कोणते पोलाद वापरायचे, ते तापवून किती कठीण करायचे, आणि मापात किती कमी-जास्त चालेल, हेही लिहायचे. कोपऱ्यातल्या चौकटीत नकाशाचा क्रमांक, आणि काढणाऱ्याची, तपासणाऱ्याची व संमती देणाऱ्याची सही. पुढे काही बदल केला, तर त्याची तारीख आणि नवी खूण त्याच कागदावर. मी कादंबरीत ‘संध्याकाळचा अंधुक प्रकाश पडला होता’ असे लिहून मोकळा होतो. बाकीचे वाचक पाहून घेतो. आरेखकाला ती सवलत नाही. त्याचा वाचक हजार कोसांवरचा, कधीही न भेटणारा एक फिटर असतो. आणि त्याने काही मनाने भरून काढले, तर त्याची किंमत तिसराच कोणी, आकाशात, मोजतो.

पेन्सिलीचा नकाशा पुरा झाला की, तो तलम, खळ दिलेल्या पारदर्शक कापडावर शाईने गिरवीत. लोखंडाच्या क्षारांचा लेप दिलेल्या कागदावर हे कापड ठेवून उजेड दाखवायचा आणि मग कागद पाण्याने धुवायचा. उजेड लागलेला भाग गर्द निळा होतो. शाईच्या रेघेखालचा पांढरा राहतो. हीच ती ‘ब्लू-प्रिंट’. मूळ कापड तिजोरीत, निळ्या प्रती कारखान्यात. आणि काम संपल्यावर? त्या कापडाची खळ धुऊन काढली की आत उत्तम सुती वा तागाचे कापड निघते. इंग्लंडातल्या कित्येक घरांत त्याचे हातरुमाल झाले!

दुसरे महायुद्ध पेटले आणि या निळ्या कागदांना पाय फुटले. डी हॅविलंडच्या कारखान्याला दुसरी, अधिक निकडीची विमाने करावयाची होती. म्हणून टायगर मॉथचे काम काऊली येथील मॉरिस कंपनीच्या मोटारींच्या कारखान्याकडे गेले. मोटारी करणाऱ्या हातांनी तिथे तीन हजारांहून अधिक विमाने केली. ऑस्ट्रेलियात हजारांवर झाली; न्यूझीलंडात झाली; कॅनडात झाली, आणि तिथल्या थंडीपायी वैमानिकाच्या डोक्यावर काचेचे छप्परही आले. एकूण संख्या आठ हजारांच्या पुढे गेली. पोलादी नळ्यांचा सांगाडा, लाकडी पंख, त्यांवर ताणलेले कापड आणि 130 अश्वशक्तीचे इंजिन. एवढ्या भांडवलावर त्याने हजारो तरुणांना उडायला शिकविले. आपल्याकडे बेगमपेठ आणि जोधपूर येथील युद्धकाळातल्या शाळांतून कित्येक हिंदी वैमानिकांनी पहिले धडे याच्याच पाठीवर गिरविले.

परंतु दुसऱ्याच्या नकाशावरून विमान जोडणे वेगळे आणि स्वतःचा नकाशा काढणे वेगळे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1940 साली म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने बंगळूरला विमानांचा कारखाना उभारला. तिथे 1941 मध्ये अमेरिकन हार्लो विमान जुळविले गेले. पुढे इंग्रजी प्रेंटिस बांधले गेले. हात आपले, कागद परक्यांचे. तो काळ पालटला तो एका मराठी माणसाच्या नेतृत्वाखाली. डॉ. विष्णू माधव घाटगे हे कोल्हापूरकडचे. जर्मनीत गॉटिंगेन येथे प्रांटल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली ते वायुगतिशास्त्र शिकले. त्यांच्या मार्गदर्शनाने बंगळूरच्या मंडळींनी एचटी-2 हे शिकाऊ विमान स्वतः योजले. ते संपूर्ण धातूचे, एकाच खालच्या पंखाचे, पुढे-मागे दोन बैठकींचे. 1951 च्या ऑगस्टमध्ये कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी ते प्रथम उडविले. दीडशेहून अधिक विमाने तयार झाली. ती हवाई दलात गेली, फ्लाइंग क्लबांत गेली, आणि 1959 मध्ये घाना या नवस्वतंत्र देशाच्या वायुसेनेलाही काही मिळाली. 1965 मध्ये घाटग्यांना पद्मश्री मिळाली.

या घटनेचे मोल मला असे वाटते : परक्याचा नकाशा ‘इतके जाड ठेव’ एवढेच सांगतो, ‘का ठेवावे’ हे त्याच्या घरीच राहते. स्वतः नकाशा काढणाऱ्याला त्या प्रत्येक आकड्याचे उत्तर द्यावे लागते. बंगळूरच्या तरुणांनी ही उत्तरे शोधली म्हणून पुढे पुष्पक, कृषक आणि किरण ही विमाने निघू शकली.

हे सारे जुने झाले, आता त्या कागदांचे काय काम, असे कोणी म्हणेल. त्याला 2013 सालची एक दुःखद हकिकत सांगतो. त्या वर्षी डिसेंबरात ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडच्या किनाऱ्याजवळ एक टायगर मॉथ हवेत पंख तुटून कोसळले आणि दोघे जण दगावले. चौकशीत दिसले की, खालचे पंख विमानाच्या धडाशी बांधून धरणाऱ्या दोन पोलादी दांड्या तुटल्या होत्या. आट्यांच्या जागी, धातू थकल्याने, त्यांना आधीच भेगा पडलेल्या होत्या. त्या दांड्या मूळ कंपनीच्या नसून पुष्कळ नंतर दुसरीकडे बनविलेल्या होत्या. आणि मूळ दांड्यांना 2,000 तासांचे किंवा 18 वर्षांचे जे आयुष्य ठरवून दिले होते, त्याच्या फार आधीच त्या निकामी झाल्या. दिसायला दांडी ती दांडीच. पण आटे कसे पाडावेत, पोलाद कसे असावे, हे डोळ्यांना दिसत नाही. ते कागदावर पाहावे लागते. जुना, झिजलेला भाग मोजून नवा केला, तर त्यात झीजही उतरते. मूळ माप सांगतो तो नकाशाच.

म्हणूनच आज जगात जिथे जिथे जुनी विमाने पुन्हा उडविली जातात, तिथे तिथे मूळ नकाशांना एखाद्या पोथीसारखे जपतात. 2012 च्या हवाई दल दिनी हिंडन येथे आपल्या वायुसेनेचे एक जुने टायगर मॉथ नव्याने सजून आकाशात फिरले, ते इंग्लंडात दुरुस्त होऊन आले होते. बंगळूरच्या संग्रहालयात एचटी-2 उभे आहे. लोक त्याच्यासमोर छायाचित्रे काढतात, हे योग्यच आहे. पण त्या विमानाला पुन्हा हवेत न्यावयाचे, तर त्याच्या कागदांचे भेंडोळेही तितकेच जपलेले हवे.

वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरी कोणी आजोबा, कोणी काका रेल्वेच्या वर्कशॉपात, गोदीत, गिरणीत वा कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एखादी धुळकट गुंडाळी खाली आली, आणि रद्दीवाला दाराशी उभा असला, तरी ती आधी जमिनीवर उलगडून पाहा. कोपऱ्यातल्या चौकटीत सही कोणाची आहे तेवढे वाचा. मग रद्दीवाल्याला दुसरे काहीतरी द्या.