मागे राहिलेले सामान

आई किंवा वडील गेल्यावर त्यांचे कपडे, अंथरूण, चष्मा, काठी, पत्रे आणि भांडी यांचे काय करायचे, हा प्रश्न मुंबईच्या उपनगरांतल्या मराठी घरांना आज ज्या रूपात पडतो, ते रूप जेमतेम साठ-सत्तर वर्षांचे आहे. त्याआधी उत्तर ठरलेले होते आणि मुदतही ठरलेली होती. वस्तू तेरा दिवसांत घराबाहेर जात, आणि कुठे जायच्या हे घरच्यांना ठरवावे लागत नसे.

या रिवाजाला धर्मशास्त्राचा आधार होता. याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘मिताक्षरा’ ही टीका विज्ञानेश्वराने सहावा विक्रमादित्य चालुक्य याच्या काळात कल्याणी येथे लिहिली. (हे कल्याण मुलुंडपलीकडचे नव्हे, बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण.) वाटणीच्या प्रकरणात विज्ञानेश्वर बृहस्पतीचे मत देतो. त्याचा आशय असा, की वडिलांची वस्त्रे, अलंकार, शय्या आणि वाहन मुलांनी वाटून घेऊ नयेत. गंध-फुलांनी त्यांची पूजा करून ती श्राद्धाला जेवणाऱ्या ब्राह्मणाला द्यावीत. मनुस्मृतीही वस्त्रे आणि अंगावरचे अलंकार अविभाज्य धनात मोजते. जमीन, घर, पैसा यांची वाटणी होते, पण अंगाला लागलेल्या वस्तूची होत नाही, हा भेद या ग्रंथांनी स्पष्ट केला होता. साष्टी बेट, म्हणजे आजचे अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, हे उत्तर कोकणात मोडते. तिथे इंग्रजी न्यायालयांनी मिताक्षरेपेक्षाही नीलकंठ भट्टाच्या सतराव्या शतकातल्या ‘व्यवहारमयूखा’ला अधिक मान दिला. स्त्रीधनाचा मार्ग मात्र वेगळा होता. आईच्या दागिन्यांवर सर्वसाधारणपणे मुलींचा हक्क आधी धरला जाई, त्यातही अविवाहित मुलीचा.

ग्रंथातला नियम व्यवहारात शय्यादान आणि पददान या रूपाने उतरला. अकराव्या ते तेराव्या दिवसापर्यंतच्या विधींत गादी, उशी, पांघरूण, छत्री, वहाणा, काठी, दिवा आणि पाण्याचे भांडे गुरुजींना दिले जाई. मृताला पुढच्या प्रवासात या वस्तू लागतात, अशी त्यामागची समजूत. तिचा व्यावहारिक परिणाम असा, की ज्या वस्तूंकडे पाहून घरच्यांचे डोळे भरून यावेत त्याच आधी निघून जात. सवाष्ण गेलेल्या आईसाठी भाद्रपदातली अविधवा नवमी असे; त्या दिवशी दुसऱ्या सवाष्णीला जेवायला बोलावून तिची ओटी भरत, जमल्यास लुगडेही देत. सगळेच बाहेर जाई असेही नाही. अनेक मराठा, कुणबी आणि कोळी घरांत पूर्वजाचा चांदीचा टाक घडवून देव्हाऱ्यात बसवतात. म्हणजे गेलेल्याचे अंथरूण घराबाहेर जाते आणि तो स्वतः टाकाच्या रूपाने घरात येतो.

गावठाणांत हा सारा व्यवहार फारसा अडत नसे. साष्टीतले कोळी, आगरी, कुणबी आणि मराठी बोलणारे कॅथलिक, म्हणजे 1887 पासून ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलेले लोक, पिढ्यान्पिढ्या त्याच घरात राहत. आजीची पेटी नातीच्या खोलीत तशीच असे. ती रिकामी करण्याचे कारणच उद्भवत नसे.

मागे राहिलेल्या वस्तूंचा निर्णय घराबाहेरच्या कोणीतरी घेण्याचा पहिला मोठा प्रसंग प्लेगने आणला. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईत साथ उघडकीस आली, आणि 1897 च्या साथरोग कायद्याने सरकारला घरात शिरण्याचे अधिकार मिळाले. रोग्याचे कपडे व अंथरूण जाळणे हा त्या मोहिमेचा नित्याचा भाग होता. ज्या गादीचे दान व्हायचे ती दारासमोर पेटवली जाई. याच साथीने शहरातल्या दाटीतून माणसे साष्टीकडे ढकलली. साथीच्या काळात उभारलेले क्रूस वांद्र्यापासून अंधेरीपर्यंतच्या गावठाणांत आजही दिसतात.

उपनगर म्हणून या भागाला आकार आला तो पुढे. 1950 मध्ये महापालिकेची हद्द पश्चिमेला जोगेश्वरी आणि पूर्वेला भांडुपपर्यंत गेली, 1957 मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत. गिरगाव, दादर, लालबागच्या चाळींतून निघालेले कारकून, शिक्षक, बँकवाले आणि गिरणी कामगार इकडे आले. 1940 च्या दशकाअखेरीस स्थापन झालेल्या गृहनिर्माण मंडळाच्या आणि पुढे म्हाडाच्या वसाहती उभ्या राहिल्या. घाटकोपरचे पंतनगर आणि अंधेरीचे डी. एन. नगर ही त्यांतली ठळक नावे. 1960 च्या सहकारी संस्था कायद्यानंतर गृहनिर्माण सोसायट्या झपाट्याने वाढल्या. चाळीच्या दहा बाय बाराच्या खोलीत वस्तू साठवायला जागा नव्हती. पलंगाखालची ट्रंक आणि भिंतीतले फडताळ एवढाच पसारा. सोसायटीच्या घराने दोन नव्या जागा दिल्या, माळा आणि लोखंडी कपाट.

या कपाटाचा उपनगराशी थेट संबंध आहे. गोदरेजने 1923 मध्ये पोलादी कपाटे बनवायला घेतली आणि पुढे घाटकोपर-मुलुंडच्या मध्ये विक्रोळीला मोठा कारखाना उभा केला. देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपेट्याही तिथेच तयार झाल्या. लग्नात घेतलेले, आरसा लावलेले हे कपाट मध्यमवर्गीय घरात आईच्या ताब्यात असे. किल्ली तिच्या कमरेला किंवा तांदळाच्या डब्यात. आतली तिजोरी, लपवा खण आणि डांबराच्या गोळ्यांच्या वासात घडी घातलेले शालू यांमुळे ते तिचे खासगी दप्तरच झाले. ती गेल्यावर हे कपाट उघडणे हाच आवराआवरीचा खरा प्रसंग, आणि तो बहुतेक वेळा लेक आणि सून यांच्यात पार पडतो. मुलगा बँकेत असतो.

मुलग्याची कामे कागदांची. मुंबईत 1943 मध्ये रेशनिंग सुरू झाले तेव्हापासून रेशनकार्डावरून नाव कमी करणे हे घरातल्या मृत्यूनंतरचे पहिले सरकारी काम ठरले. त्यामागून आयुर्विम्याच्या पॉलिसी, युनिट ट्रस्टची प्रमाणपत्रे आणि 1970 च्या दशकाअखेरीस घेतलेले शेअर. जुन्या फायलीत बिलांच्या आणि पत्रांच्या मध्ये सापडणारी ही प्रमाणपत्रे आठवण म्हणून जपलेली नसतात, पण तशीच दिसतात. 1 एप्रिल 2019 नंतर कागदी शेअरचे हस्तांतर बंद झाले, त्यामुळे वडिलांच्या हस्ताक्षराच्या जुन्या फाइली एकाएकी निकडीच्या बनल्या. कायद्याचीही मांडणी बदलली होती. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने आईच्या मालमत्तेत मुलगे, मुली आणि पती यांना सारखा वाटा दिला. जुना लेकींचा अग्रहक्क संपला. दागिन्यांच्या बाबतीत घरांनी हे फारसे मनावर घेतलेले नाही. पाटल्या लेकीला आणि मोहनमाळ सुनेला, अशी वाटणी आई जिवंतपणीच बोलून ठेवते आणि सहसा तीच पाळली जाते.

सोन्याला मोड म्हणून किंमत असते, म्हणून त्याचे भांडण लवकर मिटते. कापडाचे तसे नाही. जुन्या लुगड्याचा आधीपासूनचा मार्ग गोधडीचा. मऊ झालेले सुती नऊवार उसवायचे, थर लावायचे, धावदोरा घालायचा. आजीच्या लुगड्याखाली पणतू झोपतो. सुती लुगडे गेले आणि नायलॉन, मग टेरिकॉट आले, तशी गोधडी घरातून मागे पडली. भरजरी लुगड्यांचा मार्ग निराळा. खऱ्या जरीत चांदीची तार असे. दारोदार ‘जुनी जर’ मागत फिरणारे व्यापारी ती घेत आणि पदर जाळून चांदी काढत. आईची लग्नातली पैठणी अशा रीतीने काही तोळ्यांवर आलेली उपनगरांतली घरे थोडीथोडकी नसतील. या व्यवहाराची हळहळ पुढच्या पिढीला वाटते. करणाऱ्या पिढीला तो शहाणपणाचा वाटला होता.

उरलेल्या साड्या आणि पँटशर्ट बोहारणीकडे जात. बोहारीण बहुधा वाघरी, म्हणजे देवीपूजक, समाजातली. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन ती दुपारी येई, घरात पुरुष नसताना. जिन्यात बसून घासाघीस चाले आणि कपड्यांच्या ढिगाच्या बदल्यात स्टीलचे पातेले किंवा डबा मिळे. 1960-70 च्या दशकांत पितळ आणि तांबे मागे पडून स्टील घरात आले. त्या बदलात बोहारणीचा वाटा मोठा आहे, आणि त्याची नोंद फारशी कोणी घेतलेली नाही. तिच्यालेखी जिवंत माणसाच्या आणि मृताच्या कपड्यांत फरक नव्हता, पण घराच्या लेखी होता. गेलेल्या वडिलांचे कपडे देऊन भांडे घेणे अनेक घरांना प्रशस्त वाटत नसे. ते मोलकरणीच्या नवऱ्याला, वॉचमनला किंवा गावाकडच्या नातेवाइकाला फुकट दिले जात. शय्यादानाचा नियम इथे पोथीशिवाय टिकून राहिला.

भांड्यांवर मात्र नाव असते. लग्नात, बारशात, निवृत्तीला मिळालेल्या भांड्यावर देणाऱ्याचे किंवा घेणाऱ्याचे नाव आणि तारीख कोरण्याची पद्धत मराठी व गुजराती घरांत सारखीच रुजली; घाटकोपर-मुलुंडच्या भांड्यांच्या दुकानांत ते यंत्र गिऱ्हाइकासमोरच घरघरते. त्यामुळे एका मांडणीवरच्या पातेल्यांवरून कुटुंबाचा नातेसंबंधांचा नकाशा काढता येतो. मोडीत भांडे वजनावर जाते आणि तो नकाशाही त्याबरोबर वितळतो.

घरगुती वस्तूंना संग्रहाचे मोल आहे, हे महाराष्ट्रात सर्वांत आधी ओळखणाऱ्यांत पुण्याचे दिनकर केळकर मोडतात. 1920 च्या दशकापासून त्यांनी मोडकळीस आलेल्या वाड्यांतले दिवे, अडकित्ते, कुंकवाच्या कोयऱ्या, दाराच्या चौकटी गोळा केल्या. 1975 मध्ये त्यांनी हा संग्रह राज्य सरकारला दिला. बालपणीच वारलेल्या त्यांच्या मुलाचे, राजाचे, नाव त्या संग्रहालयाला आहे. उपनगरांतल्या घरांतले सामान मात्र इतके जुने नाही आणि इतके दुर्मिळही नाही. मर्फीचा रेडिओ, एचएमटीचे घड्याळ, दिवाळी अंकांचे गठ्ठे यांना संग्रहालय घेत नाही, ग्रंथालयेही जागेअभावी पुस्तकांना नकार देतात, आणि शेवटी रद्दीवाला काटा घेऊन येतो.

काही घरांची आवराआवर पाण्याने केली. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. मिठी, ओशिवरा, पोयसर आणि दहिसर नद्यांच्या काठच्या वस्त्यांत तळमजले बुडाले. लोखंडी कपाटे गंजली, पण उभी राहिली. आतले फोटो एकमेकांना चिकटून लगदा झाले. फोटोंच्या दुसऱ्या प्रती नातेवाइकांकडे शोधण्याचे काम कित्येक कुटुंबांत पुढची काही वर्षे चालले.

सध्याचा टप्पा पुनर्विकासाचा आहे. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने हस्तांतरणीय विकास हक्क आणले आणि ते बेटावरच्या शहरात नव्हे, उपनगरांत वापरायची मुभा दिली. साठ-सत्तरच्या दशकांतल्या चार मजली इमारती पाडून टॉवर उभारणे त्यामुळे फायद्याचे झाले. आई-वडिलांच्या पिढीने घेतलेली घरे आणि त्या पिढीचे जाणे हे एकाच काळात आले. वडील जाऊन दहा वर्षे झाली तरी न उघडलेला माळा विकासकाच्या नोटिशीनंतर तीन आठवड्यांत उतरवावा लागतो. एक भाऊ पुण्याला आणि बहीण न्यू जर्सीत असेल, तर वस्तूचा फोटो पाठवून ‘हवे का?’ असे विचारले जाते; उत्तर बहुधा ‘ठेव’ असे येते, आणि ठेवायचे कुठे हा प्रश्न बोरिवलीत राहणाऱ्याकडेच उरतो. शय्यादानाची जागा आता अनेक घरांत दक्षिणेच्या पाकिटाने घेतली आहे, त्यामुळे गादीही घरातच असते.

पुनर्विकासाच्या करारात सामान हलवण्याचा खर्च सहसा दोनदा धरलेला असतो, एकदा भाड्याच्या घरात जाताना आणि एकदा परत येताना. नव्या इमारतीत माळा नसतो, आणि लोखंडी कपाट मोड्युलर वॉर्डरोबच्या खणात मावत नाही. परतीच्या फेरीला बहुतेक घरांना लहान टेम्पो पुरतो.