कोतवालीचे वर्ष

१९७६ च्या जून महिन्यात पवनारच्या परंधाम आश्रमात पोलीस आले आणि ‘मैत्री’ मासिकाच्या छापील प्रती जप्त करून घेऊन गेले. गोवधबंदीसाठी उपोषण करण्याचा विनोबांचा संकल्प त्यात छापला होता, एवढाच त्या अंकाचा अपराध. ज्या धाम नदीच्या तीरावर, महामहोपाध्याय मिराशींच्या मते, वाकाटक प्रवरसेनाचे प्रवरपूर नांदले आणि जिथल्या भूमीतून विनोबांच्या हाती भरत-रामभेटीची शिळा आली, तेथे सरकारी जप्तीचा अंमल व्हावा, याचे शल्य अजून जात नाही. आणि त्याच वर्षी, आणीबाणीच्या त्याच अमदानीत, मराठीत एक प्रयोगशील चित्रपट तयार झाला, ज्याचा विषयच मुळी कोतवाली हा होता.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी ‘युक्त’ ही सहकारी संस्था उभारून ‘घाशीराम कोतवाल’ केला. मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप अशा चौघांचे दिग्दर्शन, पटकथा मूळ नाटकाचे लेखक विजय तेंडुलकर यांचीच, नाना फडणीस मोहन आगाशे, आणि घाशीराम झालेले ओम पुरी तेव्हा अगदी नवखे.

मूळ नाटक जब्बार पटेलांनी १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात रंगभूमीवर आणले. पाश्चात्य ऑपेरात कथा गायनातून वाहते, तशी येथे ती भास्कर चंदावरकरांच्या संगीतातून आणि कृष्णदेव मुळगुंदांच्या नृत्यातून वाहते. मात्र तिचे कुळ किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चे नव्हे, कीर्तनाचे, दशावताराचे आणि तमाशाचे. ब्राह्मणांची एक रांग डुलत, गात उभी असते. तिने पाठ फिरवली की तीच भिंत होते, आणि भिंतीआड काय घडते ते न दाखवता काहीतरी लपविले जात आहे एवढे मात्र ती ठणकावून सांगते. नाट्यगृहात प्रेक्षक एका जागी खिळलेला असतो, पण कॅमेऱ्याला भिंतीपलीकडे जाण्याची मुभा आहे. म्हणून ही भिंत पडद्यावर उभी करणे हे त्या तरुणांपुढचे खरे आव्हान होते, आणि दीर्घ, अखंड दृश्यांच्या योजनेने त्यांनी ते पेलले, असे माझे मत आहे.

इतिहासातल्या घाशीरामाला १७९१ च्या ऑगस्टअखेर पुण्याच्या जमावाने दगडांनी ठेचून मारले. त्याला कोतवाली देणारे नाना फडणीस १८०० पर्यंत जगले.