ढिगाऱ्याखालची हाक

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु ढिगाऱ्याखाली गाडली गेलेली माणसे जिवंत वर काढण्याची विद्या एखाद्या राष्ट्राने कशी हस्तगत केली, हाही इतिहासच होय. आपल्या देशात तो फार जुना नाही.

त्याचा आरंभ आम्ही किल्लारीपासून धरतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपतींचे विसर्जन आटोपून गावे निजली असता, पहाटे चारच्या सुमारास लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांचा सीमाभाग हादरला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी तिथली घरे. ती कोसळली तेव्हा आत हवेला जागाच उरली नाही. सुमारे १०,००० माणसे गेली. लष्कराचे जवान आले, गावोगावचे स्वयंसेवक धावले. माणुसकीला तोटा नव्हता. मात्र याच कामासाठी शिकवून तयार ठेवलेले राष्ट्रीय दल देशापाशी नव्हते.

पुढे २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी कच्छची भूमी हादरली. या वेळी मातीच्या घरांबरोबर अहमदाबादेतील बहुमजली इमारतीही खाली बसल्या. सिमेंटच्या इमारतीचे मजले एकमेकांवर पडतात तेव्हा मध्ये कोठे कोठे पोकळी राहते, आणि तीत माणूस काही काळ तग धरू शकतो. परंतु त्याच्यापर्यंत पोहोचण्यास फावडे-कुदळ पुरत नाही. तेथे काँक्रीट कापणारी यंत्रे हवीत, तोललेली लादी सावरण्यास टेकू हवेत, वास घेणारी कुत्री हवीत. मुख्य म्हणजे, सारी यंत्रे बंद करून, सर्वांना गप्प करून, आतली क्षीण हाक ऐकण्याचा धीर हवा. घाईने एक तुळई ओढली तर आतला जीव चिरडतो. ब्रिटन, स्वित्झर्लंड, रशिया येथील पथके तेव्हा आपल्या मदतीस आली. परंतु दूर देशाहून येणाऱ्याचे मोलाचे पहिले तास प्रवासातच जातात.

हा धडा वाया गेला नाही. २००५ साली आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला आणि २००६ साली राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले. आरंभी केंद्रीय सशस्त्र दलांतून घेतलेल्या ८ बटालियन होत्या. पुढे त्या १६ झाल्या. त्यांपैकी एक आपल्या पुण्याजवळ आहे. एकेका पथकात सुमारे ४५ जण; त्यांत अभियंते, वीजतंत्री, वैद्यकीय मदतनीस आणि श्वानपथक. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला तेव्हा याच दलाची पथके तेथे गेली, आणि ढिगाऱ्यातून एका सहा वर्षांच्या मुलीला जिवंत वर काढण्यात त्यांचा हात लागला. बावीस वर्षांपूर्वी ज्यांनी मदत घेतली, ते आता मदतीला गेले होते.

एवढ्यावर समाधान मानून आम्ही थांबलो असतो. परंतु महाडची आठवण थांबू देत नाही. २४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी तेथे एक पाच मजली इमारत कोसळली. तेथे भूकंप नव्हता, पूर नव्हता. उभी इमारतच खाली आली. पुण्याहून दल निघाले. पण ते घाट उतरून पोहोचेपर्यंत ढिगाऱ्यावर होते ते शेजारीपाजारी आणि गावकरी. दुसऱ्या दिवशी, सुमारे १९ तासांनी, एक चार वर्षांचे पोर जिवंत निघाले. सोळा जण मात्र गेले.

यातून घ्यावयाचा बोध साधा आहे. राष्ट्राने दल उभारले, हे मोठेच काम झाले. परंतु पहिले तास नेहमी गावाचेच असतात. आपल्या नगरपालिकेच्या अग्निशामक बंबाबरोबर टेकू आणि काँक्रीट कापण्याचे यंत्र आहे काय? कोणत्या वाड्याच्या भिंतीला तडे गेले आहेत, याची यादी कोणी ठेवली आहे काय? आणि हाक ऐकू यावी म्हणून गर्दीने गप्प राहावे, एवढे तरी आपण शिकलो आहोत काय? या सभेतून घरी जाताना ज्याने त्याने आपल्या गल्लीकडे एकदा या दृष्टीने पाहावे, एवढेच आमचे मागणे आहे.